चंद्रव्वाची कडक भाकरी

चंद्रव्वाच्या हातची कडक भाकरी मोडली की दोन घरं पलीकडं आवाज जातो, असं सोलापूरच्या बाळीवेशीतली माणसं सांगायची. थोडं वाढवून सांगत असतील, पण फार नाही. ज्वारीचं पीठ कढत पाण्यात मळायचं, थापून थापून पापडासारखी पातळ भाकरी करायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर फडक्यानं दाबत राहायचं, आतली ओल पार निघून जाईपर्यंत. सगळी मेख त्या ओलीत. जरा राहिली की चार दिवसांत बुरशी, आणि गेली की भाकरी तीन महिने कुठंही न्या, काही होत नाही. पंचवीस-तीस वर्षं ती हेच काम करत होती. एवढ्या वर्षांत बुरशी आली म्हणून एक भाकरी कुणी परत आणली नव्हती. आणली असती तर आणणाऱ्याची धडगत नव्हती, ते वेगळं.

बाई तोंडाची लई तिखट. दुकानदारानं भाकरीची चवड जरा आपटून ठेवली तरी त्याच्या सात पिढ्या काढायची. पण तिला तसं बोलायचा हक्क होता, हे सगळी गल्ली मानायची. नवरा ईश्वरप्पा गेला तेव्हा थोरला गुरुशांत आठवीत होता आणि धाकटी सिद्धेश्वरी बालवाडीत. भाऊबंद म्हणाले, पोरगीला मामाकडं ठेव, तुला दोन दोन जीव झेपायचे नाहीत. चंद्रव्वानं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत चूल पेटवली. त्या चुलीवर गुरुशांत शिकला, टॉवेलच्या कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं, महेश्वरी सून म्हणून घरात आली. सिद्धेश्वरी बी. ए. झाली आणि फौजदारकीच्या परीक्षेचा अभ्यास करायला पुण्याला गेली. गल्लीतली अशी पहिलीच पोरगी. चंद्रव्वा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची की माझ्या भाकरीवर पोरगी फौजदार होणार हाय. माणसं हसायची, पण त्या हसण्यात कौतुकच असायचं.

पुण्यात पहिली दोन वर्षं सिद्धेश्वरी मेसमध्ये जेवत होती. तिथं कुठंतरी पाणी लागलं, कावीळ झाली, दोन महिने अंथरुणात गेले आणि परीक्षा हुकली. चंद्रव्वानं त्या मेसवाल्याचा इथं बसून असा उद्धार केला की तिकडं त्याला उचकी लागली असेल. मग तिनं फर्मान काढलं. बाहेरचं शिजवलेलं खायचं नाही. कापलेलं फळ नाही, कच्चा कांदा नाही, कोशिंबीर नाही, रसाच्या गाड्याकडं तर बघायचंसुद्धा नाही. दर महिन्याला बसनं भाकरीचा डबा येईल, शेंगाचटणी येईल. खोलीत विजेची किटली आहे, तीत दूध तापवायचं, चहा करायचा आणि अभ्यासाला बसायचं. भाकरीला काही होत नाही तर ती खाणाऱ्याला काय होणार, असा तिचा हिशेब. त्यावर बोलायची कुणाची छाती नव्हती आणि सिद्धेश्वरीची तर नव्हतीच, कारण काविळीनं एक वर्ष खाल्लेलं तिनं पाहिलं होतं आणि वयाच्या अटीत आता हे एकच वर्ष उरलं होतं.

आषाढात पहिला डबा गेला. पोरगीनं अभ्यास असा केला की दिवाळीच्या सुमाराला लेखीचा निकाल लागला आणि ती पास झाली. गल्लीत पेढे वाटले. आता मैदान तेवढं उरलं होतं. पळणं, गोळाफेक, लांब उडी. ती रोज सकाळी मैदानावर जाऊ लागली आणि तिथंच पाय दुखायला लागले.

सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. पळायला लागल्यावर पाय दुखणारच. मग नडगीवर लाल ठिपके आले, त्याला ती बुटांची घामोळी म्हणाली. मग मांडीवर काळेनिळे डाग आले. कुठं आपटलं ते तिला आठवेना. ब्रश केला की हिरडीतून रक्त यायचं, तर तिनं ब्रश बदलला. जीव सारखा थकलेला, वाचलेलं ध्यानात राहीना, क्षुल्लक गोष्टीवर रडू यायला लागलं. डिसेंबरात ती गाडीत बसून घरी निघाली आणि कुर्डुवाडी गेल्यावर तिनं भावाला फोन केला की अण्णा, मला उठता येईना, तू डब्यात ये. गुरुशांतनं सोलापूर स्टेशनात बहिणीला दोन्ही हातांवर उचलून खाली उतरवलं. तिचं वजन हाताला लागलंच नाही, असं तो पुढं कितीतरी दिवस सांगायचा.

घरी आली म्हटल्यावर चंद्रव्वाला वाटलं, आता पोर आपल्या हातात आली, आता काय होतंय तिला. सगळं वाईट इथूनच पुढं झालं.

गुडघा धरला की आपल्याकडं पहिलं काय बंद होतं? आंबट. हे कुणी शिकवावं लागत नाही, आईच्या पोटातूनच माणूस शिकून येतो. चंद्रव्वानं लिंबू बंद केलं, चिंच बंद केली, टोमॅटो बंद, ताक बंद. मग थंड म्हणून फळं बंद. मग वातूळ म्हणून पालेभाजी बंद. हिरड्या सुजून दातांवर चढल्या होत्या, तिखट सोसेना, म्हणून हिरवी मिरची आणि कोथिंबीरसुद्धा पोरगीच्या ताटातून गेली. राहिलं काय? कडक भाकरी खलबत्त्यात कुटून कढत दुधात भिजवलेली. दुपारी तेच, संध्याकाळी तेच, कधी मुगाचं साधं वरण. चंद्रव्वा स्वतः मांडीवर डोकं घेऊन चमच्यानं भरवायची. एका दिवशी महेश्वरीनं बाजारातून पेरू आणले आणि भीतभीत सासूला म्हणाली की अत्ती, हिला जरा कायतरी ताजं देऊ या का. चंद्रव्वा म्हणाली, सांधे धरलेत आणि पेरू घालतीस तिला, दुष्मन हाईस का. तिनं ते पेरू दारात आलेल्या गाईला घातले. महेश्वरी आत जाऊन भांडी घासत बसली आणि त्यानंतर तिनं त्या बाबतीत तोंड उघडलं नाही.

डॉक्टर केले नाहीत असं नाही. हाडांचे केले, त्यांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या. दातांचे केले, त्यांनी गुळण्या दिल्या. तिसऱ्यांनी रक्त तपासलं, रक्त फार कमी निघालं, त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. प्रत्येकानं आपापल्या परीनं विचारलं होतं, जेवण कसं आहे? पोरगी तोंड उघडायच्या आधी चंद्रव्वाचं उत्तर तयार असायचं.

"समदं खाती. भाजी, भाकरी, फळं, दूध. घरचं समदं."

हे ती का म्हणायची, ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही तिला उगाच खोटारडी ठरवाल. विधवा बाई, दोन पोरं. ईश्वरप्पा गेल्यापासून लोकांनी तिला एकच गोष्ट विचारली होती, आडून, कधी तोंडावर, की पोरांना पोटभर घालतीस ना गं? त्या प्रश्नानं तिच्या काळजाला घरं पडली होती. परक्या माणसानं खुर्चीत बसून, हातात पेन धरून विचारलं की पोरगी काय खाते, आणि आपण म्हणायचं की भाकरी आणि चटणी? म्हणजे एवढी वर्षं राबून आपण पोरगीला अन्नाला मोताद ठेवली असंच तो लिहिणार. म्हणून ती म्हणायची, समदं खाती. डॉक्टर तसं कागदावर लिहायचे. पुढचा डॉक्टर आधीच्याचा कागद वाचायचा, मान हलवायचा आणि तेच आपल्या कागदावर उतरवून घ्यायचा. असा तो शब्द फायलीतून फायलीत चालला.

संक्रांत आली. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली, नंदीध्वजांची मिरवणूक निघाली, गल्ली रिकामी झाली. जन्मात पहिल्यांदा चंद्रव्वा सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेली नाही. पोरगीचा उजवा गुडघा सुजून वाकडाच राहिला होता, सरळ करायला गेलं की ती किंचाळायची. लहानपणी आंत्रपुच्छाचं ऑपरेशन झालं होतं, त्याचा पांढरा व्रण वीस वर्षांनी लाल होऊन उसवायला लागला. हे बघून मात्र चंद्रव्वाचं धाबं दणाणलं. जुनी, केव्हाची भरलेली जखम आपसूक उघडते, हे तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. कुशीवर वळलं तरी पोरगीला धाप लागत होती. उशीच्या अभ्र्यावर सकाळी रक्ताचा डाग असायचा आणि चंद्रव्वा तो कुणी उठायच्या आत धुऊन टाकायची, जणू डाग दिसला नाही तर दुखणंही दिसणार नाही.

शेवटी मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. भरती करून घेतलं, रक्त चढवायला लावलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी गुरुशांतला बाजूला घेऊन सांगितलं की रक्ताचा कॅन्सर असू शकतो, परवा कमरेच्या हाडात सुई घालून तपासावं लागेल. गुरुशांत जिन्यात बसून रडला आणि तोंड धुऊन वॉर्डात आला. आईला सांगायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण आईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि सगळं काढून घेतलं.

चंद्रव्वा रडली नाही. ती खाटेच्या पायाशी फरशीवर बसली, पदर डोक्यावर घेतला आणि गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून पुटपुटत राहिली. आधी नवस बोलली. मग नवस संपले. मग ती देवाशी भांडली. नवरा घेतलास तेव्हा काय बोलले का मी, मला ने की, साठी उलटली माझी, हिला एकतिसावं हाय रं. जवळच्या खाटेवरच्या बायका ऐकत होत्या आणि डोळे पुसत होत्या. महेश्वरीनं चहा आणला तर तिनं कप बाजूला सारला. भरती केल्यापासून तिच्या पोटात काही नव्हतं आणि तिला त्याची शुद्धही नव्हती.

पण दुपार झाली की ती उठायची. पोरगीला घालायची वेळ झाली की कुठून बळ यायचं कोण जाणे. पिशवीतून छोटा खलबत्ता काढायचा, भाकरी मोडायची, कुटायची, थर्मासमधलं कढत दूध ओतायचं. सुई घालायच्या आदल्या दिवशी ती असंच कुटत बसली होती आणि डॉक्टर नंदीश तिथून चालला होता.

हा नंदीश शिकाऊ डॉक्टर, अक्कलकोटकडचा, अजून मिसरूड नीट फुटलं नव्हतं म्हणा ना. तो खलबत्त्याच्या आवाजानं थांबला. काय कुटताय विचारलं. चंद्रव्वानं सांगितलं की तोंड दुखतंय पोरीचं म्हणून भाकरी बारीक करते. पोरगीच्या पायावरची चादर सारून त्यानं बॅटरी लावली आणि नडगीकडं नाक लावून बघत बसला. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक लाल ठिपका, आणि केस वेडेवाकडे, पिळलेले. मग ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. मग पोटावरचा व्रण पाहिला. मग फाईल उघडली आणि बराच वेळ एकाच ओळीकडं बघत राहिला. शेवटी तो चंद्रव्वासमोर फरशीवर उकिडवा बसला आणि तिच्या घरातल्या भाषेत, कन्नडमध्ये, बोलला.

"अव्वा, खरे हेळ्री. मगळु एन तिन्ताळ?"

खरं सांगा, लेक काय खाते, एवढंच त्यानं विचारलं. चंद्रव्वाच्या तोंडून नेहमीचं बाहेर पडलं की समदं खाती. नंदीशनं फाईल तिच्यापुढं धरली आणि म्हणाला की हो, चार कागदांवर हेच लिहिलंय. मग त्यानं आवाज खाली घेतला.

"एक आजार असा आहे अव्वा, त्यात हेच सगळं होतं. पण सगळं खाणाऱ्या माणसाला तो होत नाही. हा कागद खरा असेल तर मला तो विचार सोडून द्यावा लागेल. मग उरतो तो दुसराच."

चंद्रव्वाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण बोलण्यातलं सगळं कळत होतं. खरं बोललं तर पोरगीला जगायची वाट आहे, आणि खरं बोललं तर पोरगीची ही दशा आपल्या हातांनी झाली आहे. दोन्ही एकाच वाक्यात होतं. बाजूला महेश्वरी उभी होती, गुरुशांत उभा होता.

दुसरी कुणी आई असती तर लगेच बोलली असती, असं आपण म्हणू. बसल्या जागी म्हणायला काय जातं? चंद्रव्वा बोलली नाही. तिच्या हातातला बत्ता तसाच राहिला. आणि पुढं तिनंच हे सांगितलं, लपवलं नाही, की त्या घटकेला तिच्या मनात आलं, मोठं दुखणं निघालं तर निघू दे. निदान ते देवानं दिलेलं असेल, माझ्या हातचं नसेल. असा विचार आपल्या मनात आला, हे तिला कळलं आणि ती स्वतःलाच भ्याली. मग तिनं बत्ता खाली ठेवला.

"भाकरी," ती म्हणाली. "कडक भाकरी, चटणी, च्या आन् तापवल्यालं दूध. आषाढापासनं दुसरं काय न्हाय तिच्या पोटात. फळ न्हाय, भाजी न्हाय. हितं आल्यावर लिंबूबी मीच बंद केलं. सुनेनं पेरू आणले तर मी गाईला घातले. मीच खोटं बोलले, डाक्टर. समद्यास्नी खोटं सांगितलं."

नंदीश तिला रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तो उठून मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला, त्यांनी पुन्हा सगळं पाहिलं, दोघं इंग्रजीत बोलले. रक्ताचा आणखी एक नमुना गेला आणि सुई दोन दिवस पुढं ढकलली. गोळ्या लगेच सुरू केल्या. हा आजार स्कर्व्ही असावा, नंदीशनं सांगितलं, क जीवनसत्त्व मिळालं नाही की होतो.

खाटेवर डोळे मिटून पडलेली सिद्धेश्वरी त्यावर पुटपुटली की सामान्य विज्ञान, एक गुण. सगळे तिच्याकडं बघायला लागले. ती म्हणाली, दरवर्षी येतो हा प्रश्न, मी कधी चुकवला नाही. गुरुशांतला हसू आलं आणि त्या हसण्यातच त्याचा बांध फुटला.

चंद्रव्वानं मात्र नंदीशला सोडलं नाही. तिला समजून घ्यायचं होतं, नेमकं काय नव्हतं तिच्या भाकरीत. त्यानं सांगितलं की भाकरीत वाईट काही नाही अव्वा, पोट भरतं, ताकद येते. पण अंगात एक धागा असतो, सगळं एकमेकांना धरून ठेवणारा. हिरडीला दात, नळीत रक्त, भरलेली जखम. तो सारखा झिजतो आणि सारखा नवा विणावा लागतो. त्या विणकामाला हे क जीवनसत्त्व लागतं. माणसाच्या अंगाला ते बनवता येत नाही, रोजच्या खाण्यातूनच यावं लागतं, आणि साठा दोन-तीन महिन्यांत संपतो. असतं ते ताज्या, ओल्या वस्तूत: पेरू, आवळा, लिंबू, टोमॅटो, कोबी, हिरवी मिरची, कोथिंबीर. उकळलं की बरंचसं जातं, वाळवलं की जातं. ते नसलं की लोहाच्या गोळ्याही अंगी लागत नाहीत. सोबत थोडं ताजं काही खाल्लं असतं, रोजचं एक लिंबू जरी, तरी हे झालं नसतं.

रोजचं एक लिंबू. चंद्रव्वानं ते मनात किती वेळा म्हटलं, तिलाच ठाऊक. ओल काढून टाकण्यात तिची हयात गेली होती आणि डॉक्टर म्हणत होता की जे हवं होतं ते त्या ओलीतच होतं.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते विचारू नका. नंदीश बोलला होता खरा, पण मोठे डॉक्टर अजून 'असावा' म्हणत होते. सुईची तारीख कागदावर होतीच. चंद्रव्वा पोरगीच्या तोंडाकडं बघत बसायची आणि दर तासाला बोटानं ओठ उचलून हिरडी बघायची, इतकी की सिस्टर ओरडली. महेश्वरीनं संत्र्याचा रस काढून आणला. चंद्रव्वानं सुनेच्या हातातला पेला घेतला नाही; तूच पाज म्हणाली. महेश्वरीनं पाजला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्रव्वानं नेहमीसारखी उशी उचलली आणि अभ्रा उलटसुलट करून पाहिला. डाग नव्हता. तिनं तो खिडकीशी नेऊन उजेडात पाहिला, पुन्हा पाहिला आणि शेजारच्या खाटेवरच्या कमलम्मालाही पाहायला लावला. दुपारी पोरगी आपली आपण कुशीवर वळली, धाप न लागता. चौथ्या दिवशी नंदीशनं येऊन सांगितलं की सुई रद्द, कॅन्सर नाही. गुरुशांत त्याचे पाय धरायला वाकला तर तो बिचारा दोन पावलं मागं सरकला.

जीव वाचला, पण मैदान गेलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चाचणी होती आणि डॉक्टर म्हणाले, नीट उभं राहायलाच महिना, पळायची गोष्ट तीन महिन्यांनंतर. आणि पुढच्या वर्षी परीक्षेला बसायचं तर वयाची अट आड येत होती. सिद्धेश्वरीनं भावाला फोनमधून चाचणीच्या तारखेचा निरोप पुसून टाकायला सांगितला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. चंद्रव्वानं ते बघितलं. तिला समजूत घालायची होती, पण कुठल्या तोंडानं घालायची? जी पोरगी फौजदार होणार म्हणून तिनं गल्ली डोक्यावर घेतली होती, तिला खाटेवर तिनंच आणून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात सामसूम होती. महेश्वरी घरी गेली होती. चंद्रव्वा खाटेच्या कडेला बसून पेरूच्या फोडी करत होती, बिया काढून, बारीक, कारण हिरड्या अजून नाजूक होत्या. सिद्धेश्वरी एकेक फोड हळूहळू चावत होती. बराच वेळ घोळवलेली गोष्ट चंद्रव्वानं अखेर विचारली, खाली बघत, की सिद्धी, मी सांगितलं ते सांगितलं, मी अडाणी. पण तू पुण्यात एकटी हुतीस, शिकलेली, कोण बघत हुतं तुला? कधी एखादं फळ घ्यावं, मेसमध्ये चार घास खावेत, असं तुला वाटलं न्हाई का गं?

सिद्धेश्वरी जरा हसली. आईचा जीव हलका करावा, तिला बरं वाटेल असं काही सांगावं, अशा आवाजात ती बोलली.

"वाटायचं की, अव्वा. पण बाहेर खाल्लं तर भाकऱ्या उरायच्या. तू एवढं उजाडायच्या आत उठून थापायचीस, उरल्या म्हटलं की फोनवर गप्प व्हायचीस. म्हणून मी कुठंच गेले नाही. शेवटी शेवटी तुकडा तोंडात घातला की लाल व्हायचा, तर मी चहात बुडवून खायची. पण एकपण टाकली नाही बघ."

चंद्रव्वाच्या हातातली सुरी थांबली. तिनं पोरगीच्या तोंडाकडं पाहिलं. पोरगी शाबासकीची वाट बघत होती, लहानपणी ताट स्वच्छ करून दाखवायची तशी.

"टाकायची हुतीस की गं," चंद्रव्वा म्हणाली.